पऱ्हाटीतील इंधन आणि गावाचे स्वावलंबन

(ऊर्जा आणि ग्रामविकास या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



ऊर्जेचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम मोठ्या गोष्टी येतात : अणुभट्ट्या, धरणे, तेलविहिरी, आखातातून निघालेली अजस्र जहाजे. आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपण परदेशांतून आणतो, हे आता शाळेतील मुलालाही ठाऊक असते. या परावलंबनाची चिंता आपण सभांतून व्यक्त करतो. परंतु माघ-फाल्गुनात विदर्भातून रात्रीचा प्रवास करताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्या ज्वाळा दिसतात, त्यांच्याकडे मात्र आपण ऊर्जेचा प्रश्न म्हणून पाहत नाही. कापूस वेचून झालेला असतो, पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर त्यांचे ढीग लावलेले असतात. थोड्या चुलीसाठी घरी नेल्या जातात आणि उरलेल्यांना काडी लावली जाते.

एक किलो वाळलेल्या पऱ्हाटीत साधारणपणे आपल्या देशी दगडी कोळशाइतकी उष्णता असते. महाराष्ट्रात सुमारे ४० लाख हेक्टरांवर कापूस होतो. हेक्टरी दोन टन पऱ्हाटी धरली, तरी वर्षाला ८० लाख टन होते. संपूर्ण देशाचा विचार केला, तर केंद्रीय नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या अंदाजाप्रमाणे वर्षाला सुमारे ७५ कोटी टन जैवभार, म्हणजे शेती-वनातील काडीकचरा, उपलब्ध होतो आणि गुरांचा चारा, छपरे, सरपण हे सर्व उपयोग वजा जाता त्यातील सुमारे २३ कोटी टन शिल्लक राहतो. या शिल्लक काडीकचऱ्यातून द्रवरूप इंधन काढण्याची एक शास्त्रीय पद्धत आहे. तिला पायरोलिसिस म्हणतात. ती पद्धत काय आहे, तिच्याकडून काय अपेक्षा करावी आणि काय करू नये, हे आज आपल्यासमोर मांडायचे आहे.

आगीवाचून ताप

लाकूड जळते म्हणजे नेमके काय होते? काडीला ज्योत लावली की प्रथम लाकूड जळत नाही. उष्णतेने लाकडातील मोठमोठे रेणू तुटतात, त्यांच्या वाफा आणि वायू होऊन बाहेर पडतात, आणि या वाफांचा हवेतील प्राणवायूशी संयोग झाला की ज्योत दिसते. मागे राहतो तो निखारा. म्हणजे आपल्या प्रत्येक चुलीत दोन क्रिया घडत असतात : एक तापाने तुटण्याची आणि दुसरी जळण्याची. त्या इतक्या लागोपाठ घडतात की आपल्याला एकच आग दिसते. आता काडीला ताप द्यावा, पण प्राणवायू मिळू देऊ नये, असे केले तर? पहिली क्रिया होईल आणि दुसरी थांबेल. निघालेल्या वाफा जळणार नाहीत. त्या थंड केल्या तर त्यांचे तेल होईल. ‘पायरो’ म्हणजे अग्नी आणि ‘लिसिस’ म्हणजे सुटे करणे. या ग्रीक शब्दाचा अर्थ एवढाच आहे.

ही कल्पना आपल्याला सर्वस्वी परकी नाही. आयुर्वेदाच्या औषधनिर्मितीत ‘अंतर्धूम’ असा एक शब्द आहे. द्रव्य मातीच्या दोन शरावांमध्ये ठेवायचे, सांधा मातकापडाने बंद करायचा आणि धूर बाहेर जाऊ न देता ते तापवायचे, म्हणजे आत काळी मषी तयार होते. पाताळयंत्रात वरच्या भांड्याला ताप देतात आणि द्रव्यातून सुटलेले तेल खाली पुरलेल्या भांड्यात उतरते. बिब्ब्याचे तेल असेच काढतात. मात्र एवढ्यावरून ‘हे सारे आमच्याकडे होतेच’ असे म्हणून स्वस्थ बसणे, हा पूर्वजांचा सन्मान नव्हे. वैद्यांनी ही क्रिया औषधासाठी, तोळ्या-माशांच्या मापाने केली. टनांच्या मापाने आणि इंधनासाठी ती कशी करावी, हे गेल्या काही दशकांतील अभियांत्रिकीचे फळ आहे. ते आपल्याला शिकूनच घ्यावे लागेल.

भडभुंज्याची वाळू

या अभियांत्रिकीचे मर्म वेगात आहे. आपल्या जत्रेतील भडभुंजा आठवा. तो हरभरे थंड तव्यावर टाकून खालून जाळ करीत नाही. कढईतील वाळू तो आधी चांगली तापवून घेतो, मग हरभरे टाकतो, चार हात चालवतो आणि लगेच चाळणीने वाळू वेगळी करतो. फुटाणे तयार होतात. हेच हरभरे त्याने मंद आचेवर तासभर ठेवले असते, तर काळा कोळसा हाती आला असता.

काडीचेही असेच आहे. कोळसा पाडणारे लोक रचलेल्या लाकडावर माती लिंपून ती भट्टी सावकाश तापू देतात. लाकडातील वाफा रेंगाळतात, एकमेकींशी आणि कोळशाशी पुन्हा जुळतात आणि उत्तम प्रतीच्या भट्टीत लाकडाच्या सुमारे एक-तृतीयांश वजनाचा कोळसा मिळतो. द्रुत पायरोलिसिसमध्ये याच्या उलट करतात. काडी दोन-तीन मिलीमीटरपर्यंत बारीक करतात, तिच्यातील ओलावा दहा टक्क्यांच्या खाली आणतात आणि प्राणवायूविरहित पात्रात सुमारे ५०० अंश सेल्सियसच्या तप्त वाळूत ती सोडतात. भुशाच्या कणाला क्षणात सर्व बाजूंनी ताप लागतो. निघालेल्या वाफा साधारण दोन सेकंदांच्या आत बाहेर खेचून एकदम थंड करतात. त्या अधिक काळ तापात राहिल्या, तर तुटत तुटत त्यांचा नुसता वायू होतो. वेळेवर थंड केल्या, तर गडद तपकिरी, धुराच्या तीव्र वासाचे तेल मिळते. त्यालाच जैवतेल म्हणतात.

लाकडापासून त्याच्या वजनाच्या ६५ ते ७५ टक्के इतके जैवतेल मिळू शकते. शेतातील अवशेषांपासून ते कमी, बहुधा निम्म्याच्या आसपास मिळते. कारण त्यांच्या राखेतील पोटॅशसारखी खनिजे वाफांना आणखी तोडतात. उरलेल्या भागापैकी काही कोळशाची भुकटी होते आणि काही ज्वलनशील वायू. हा वायू आणि भुकटी जाळूनच वाळू पुन्हा तापवता येते. म्हणजे एकदा सुरू झालेल्या संयंत्राला बाहेरून फारसे इंधन द्यावे लागत नाही. १९८० च्या दशकात कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने तप्त वाळूच्या अशा पात्रांवर पायाभूत काम केले. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठात फिरत्या शंकूचे पात्र विकसित झाले. आज जगात चालणारी बहुतेक संयंत्रे अशाच प्रयत्नांची अपत्ये आहेत.

हे तेल डिझेल नव्हे

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जैवतेलाला तेल म्हणतात खरे, पण ते डिझेल नाही. त्यात १५ ते ३० टक्के पाणी असते. ते लिंबाच्या रसाइतके आम्ल असते. साध्या लोखंडाची टाकी ते खाते, म्हणून स्टेनलेस स्टील किंवा योग्य प्लास्टिक वापरावे लागते. ते डिझेलमध्ये मिसळत नाही. महिनोन्‌महिने ठेवले तर घट्ट होत जाते. आणि त्याची उष्णता किलोमागे सुमारे १७ मेगाज्यूल असते, तर डिझेलची ४३.

याचा व्यवहारी हिशेब असा. एक टन पऱ्हाटीपासून ५०० किलो जैवतेल मिळाले असे धरू. त्यातील उष्णता सुमारे २३५ लिटर डिझेलमधील उष्णतेएवढी भरते. हे थोडे नाही. परंतु ते ट्रॅक्टरच्या टाकीत ओतता येणार नाही. ते बॉयलरमध्ये, भट्टीत, वाळवणीच्या यंत्रात जाळता येईल. आज जेथे फर्नेस ऑइल किंवा दगडी कोळसा जळतो, तेथे त्याची जागा आहे. त्यापासून मोटारीचे इंधन करायचे, तर त्यातील प्राणवायू हायड्रोजनच्या साहाय्याने काढून टाकावा लागतो, आणि ते मोठ्या शुद्धीकरण कारखान्यांचे, खर्चाचे काम आहे.

दोन कारखान्यांचे दोन धडे

अमेरिकेत मिसिसिपी राज्यात कोलंबस येथे ‘कायोर’ नावाच्या कंपनीने लाकडापासून याच मार्गाने थेट पेट्रोल आणि डिझेल करण्याची घोषणा केली. राज्य सरकारने तिला ७.५ कोटी डॉलरचे बिनव्याजी कर्ज दिले. नामवंत गुंतवणूकदार पाठीशी होते. कारखाना उभा राहिला, पण सांगितलेले उत्पादन कधीच निघाले नाही आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

नेदरलँड्समध्ये हेंगेलो येथे २०१५ साली सुरू झालेल्या ‘एम्पायरो’ संयंत्राने असा कोणताही चमत्कार सांगितला नव्हता. ताशी पाच टन लाकूड आणि वर्षाला सुमारे दोन कोटी लिटर जैवतेल, असे त्याचे माप होते. त्या तेलाचा ग्राहक आधीच ठरला होता : बोरकुलो येथील दुग्धप्रक्रिया कारखान्याचा बॉयलर. तेथे नैसर्गिक वायूच्या जागी हे तेल जळू लागले. हा दुग्धव्यवसाय शेतकऱ्यांच्या सहकारी मालकीचा आहे, हे महाराष्ट्रातील श्रोत्यांनी विशेष लक्षात ठेवावे. फिनलंडमध्ये योएन्सू येथे २०१३ मध्ये असेच एक संयंत्र वीज आणि उष्णता पुरवणाऱ्या केंद्राला जोडून उभारले गेले.

एकाने तेलाकडून त्याच्या शक्तीपलीकडचे काम मागितले. दुसऱ्यांनी त्याला झेपेल तेच काम दिले. आपल्या देशातही १९९६ मध्ये तामिळनाडूत झाडपाल्यापासून पेट्रोल केल्याच्या दाव्याने केवढी खळबळ उडाली होती आणि पुढे ते प्रकरण न्यायालयात गेले, हे अनेकांना आठवत असेल. स्वदेशीवर प्रेम करणाऱ्या माणसाने तर अशा दाव्यांची परीक्षा अधिक कठोरपणे केली पाहिजे. कारण फसवणूक उघडी पडली की खऱ्या संशोधकाकडेही लोक संशयाने पाहू लागतात.

भद्रावती ते फलटण

आपल्या देशात या विषयाची खरी, कष्टाची परंपरा आहे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकले आणि मुंबई इलाख्यात त्यांनी अनेक वर्षे काम केले. पुढे त्यांच्या दूरदृष्टीतून म्हैसूर संस्थानात भद्रावती येथे लोखंडाचा कारखाना उभा राहिला. १९२३ मध्ये तो सुरू झाला. तेथे दगडी कोळसा जवळ नव्हता. म्हणून लाकडाच्या कोळशावर लोखंड गाळण्याचे ठरले. परंतु कोळसा पाडताना निघणारा धूर त्यांनी वाया जाऊ दिला नाही. बंद पात्रांत लाकूड तापवून त्या वाफांपासून डांबर, मद्यार्कासारखे मिथेनॉल आणि ॲसिटिक आम्लाचे क्षार काढणारा ऊर्ध्वपातन विभाग कारखान्याला जोडलेला होता. हीच मंद पायरोलिसिस होय. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा कोळशापासून वायू करून त्यावर मोटारी चालल्या, हे जुन्या पिढीने डोळ्यांनी पाहिले.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची साधी पद्धत विकसित केली. विटांच्या भट्टीत पत्र्याची बंद पिंपे, पिंपांत पाचट, आणि भोवती जाळ. मिळालेल्या भुकटीच्या कांड्या करून त्यावर स्वयंपाक करायचा. या कामाला २००२ साली लंडनमध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या पाचटासारख्या हलक्या, पसरट काडीकचऱ्यावर चालणारी वायुनिर्मिती संयंत्रे विकसित केली. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून कापसावर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे. तिने पऱ्हाटीपासून फळ्या आणि इंधनाच्या कांड्या करण्याच्या पद्धती विकसित केल्या. या माणसांनी प्रयोगशाळेतील ज्ञान शेताच्या बांधापर्यंत नेण्याचा प्रयत्न केला. द्रुत पायरोलिसिसही याच वाटेने गावात आली पाहिजे.

पऱ्हाटीच का?

कोणता काडीकचरा घ्यावा, हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि यंत्र विकणारा तो सहसा विचारत नाही. ज्वारीचा कडबा हा गुरांचा घास आहे. त्याला हात लावता कामा नये. उसाचे पाचट शेतातच आच्छादन म्हणून कुजवले, तर पाणी वाचते आणि जमिनीतील सेंद्रिय कर्ब वाढतो. म्हणून पाचटावर पहिला हक्क जमिनीचा आहे. जेथे ते केवळ पेटवलेच जाते, तेथेच त्याचा इंधनासाठी विचार करावा.

पऱ्हाटीचे तसे नाही. गुरे ती खात नाहीत. ती लवकर कुजत नाही. शिवाय गुलाबी बोंडअळी तिच्यावर राहिलेल्या बोंडांत दडून पुढच्या हंगामात येते, म्हणून हंगाम संपताच पऱ्हाटी शेताबाहेर काढावी, असे कृषी विभागच सांगतो. ती लाकडासारखी कठीण असल्याने तिच्यापासून तेलही बरे निघते. तुराट्यांचेही बव्हंशी असेच आहे. शेतकऱ्याला जे काढून टाकावेच लागते, त्यापासून आरंभ करणे शहाणपणाचे ठरेल.

आता वाहतुकीचा विचार करा. मोकळा काडीकचरा एक घनमीटर भरला, तर त्याचे वजन बहुधा १०० किलोसुद्धा भरत नाही. तेवढ्याच जागेत जैवतेल १,२०० किलो मावते. ट्रक भरून काडी दूरच्या कारखान्यात न्यायची म्हणजे बहुतांशी हवाच वाहून न्यायची आणि तिच्यासाठी परदेशी डिझेल जाळायचे. यासाठी संयंत्र काडीजवळ असले पाहिजे. दिवसाला दहा टन पऱ्हाटी वापरणारे संयंत्र वर्षातून ३०० दिवस चालवायचे, तर ३,००० टन लागते. हेक्टरी दोन टन धरल्यास एवढी पऱ्हाटी १,५०० हेक्टरांतून, म्हणजे शेजारच्या काही गावांतून, मिळू शकते. निघालेले तेल टँकरने तालुक्याच्या ठिकाणी जिनिंग, सरकी तेल, दूध किंवा डाळ उद्योगाच्या बॉयलरला जाईल.

अडचणी आहेत, त्या लपवू नयेत. पऱ्हाटी दोन-तीन महिन्यांत येते, संयंत्र वर्षभर चालवायचे असते. तेव्हा पावसाळाभर ती कोरडी साठवावी लागेल. ती बारीक करायला वीज लागेल. वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. तो विषारी आहे. जुने टायर तापवून तेल काढणाऱ्या अनेक भट्ट्यांनी परिसर कसा काळवंडला आणि कामगारांना कसे भाजले, हे आपण पाहिले आहे. तसे येथे होऊ द्यायचे नसेल, तर प्रशिक्षित माणसे आणि धुराची पक्की व्यवस्था यांवर खर्च करावाच लागेल. उरलेली भुकटी शेतात टाकली, तर तिच्यातील कर्ब जमिनीत दीर्घकाळ टिकतो. परंतु ती बहुधा अल्कधर्मी असते आणि आपल्या अनेक काळ्या जमिनी आधीच तशा आहेत. म्हणून आधी एखाद्या वाफ्यात प्रयोग करावा, मग शेतात टाकावी.

मालक कोण?

शेवटचा मुद्दा मालकीचा. जोवर पऱ्हाटीला किंमत नाही, तोवर ती शेतकऱ्याची आहे. तिला किंमत आली की ती कोणाची होईल? आज गावातील भूमिहीन कुटुंबे पऱ्हाटीवर चूल पेटवतात. उद्या तिचा भाव झाला, तर त्यांची चूल कशी पेटेल, याचा विचार संयंत्र उभारण्याआधी झाला पाहिजे. पऱ्हाटी उपटण्याचे कष्ट बहुधा मजूर स्त्रिया करतात. त्यांच्या मजुरीत भर पडली नाही, तर या तेलाला स्वदेशी कोणत्या तोंडाने म्हणायचे?

प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी ऊस उत्पादकांना कारखान्याचे मालक केले, तेव्हा साखरेच्या तंत्रज्ञानात नवे काही नव्हते. नवी होती ती मालकी. जैवतेलाच्या बाबतीतही तसेच घडावे. पऱ्हाटी देणारा शेतकरी आणि ती गोळा करणारा मजूर यांचा ज्यात वाटा आहे, अशी संस्था उभी राहिली, तर काडी वेळेवर येईल, कोरडी येईल आणि तिच्यात दगडमाती भरून कोणी वजन वाढवणार नाही. हा केवळ नीतीचा प्रश्न नाही. संयंत्र वर्षभर चालणे त्यावर अवलंबून आहे.

धोरण आता बरेच अनुकूल झाले आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने शेतातील अवशेषांना स्थान दिले. औष्णिक वीज केंद्रांत कोळशाबरोबर पाच टक्के जैवभाराच्या गोळ्या जाळण्याचे धोरण २०२१ मध्ये आले. पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा मोठा कारखाना ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. हे प्रयत्न स्वागतार्ह आहेत. परंतु दिल्लीतील धोरण आणि धुऱ्यावरचा ढीग यांच्यामध्ये कोणीतरी उभे राहावे लागते.

ते काम आपले आहे. आपण गावागावांत जाता, घरोघरी परिचय आहे. या हंगामात आपल्या संपर्कातील एकेका गावात एवढेच करा. किती हेक्टर कापूस आहे, पऱ्हाटीपैकी किती चुलीला जाते आणि किती पेटवली जाते, पंधरा-वीस किलोमीटरच्या आत बॉयलर कोणाकडे आहे आणि तो आज काय जाळतो, याची एक वही तयार करा. विशेष तज्ज्ञता लागत नाही. विचारपूस आणि चिकाटी लागते. ही वही हाती असेल, तर कृषी विद्यापीठाचे अभियंते, सहकारी संस्था, बँक यांच्याशी बोलता येईल. नसेल, तर या विषयावर नुसती व्याख्याने होत राहतील.

त्या वहीतून असेही निघेल की आपल्या गावात शिल्लक पऱ्हाटी पुरेशी नाही. तरीही ते श्रम वाया जाणार नाहीत. एका गावाचे पैसे एका चुकीच्या यंत्रात जाण्यापासून वाचतील. आणि जेथे ती पुरेशी निघेल, तेथे पुढच्या फाल्गुनात काडी लावण्यापूर्वी शेतकरी दोनदा विचार करील.